जे कायदेशीर ते न्याय्य असते काय?



मागच्या पाठात आपण पंचशीलांपैकी चौथ्या शीलाचा, म्हणजे खोटे न बोलण्याच्या शीलाचा विचार केला. तो पाठ एका विहारात वाचून झाला. वंदना आटोपली आणि मंडळी उठू लागली, तेवढ्यात मागे बसलेल्या एका बाई उभ्या राहिल्या. त्या म्हणाल्या, "गुरुजी, बाबा वारल्यावर माझे भाऊ मले तालुक्याच्या कचेरीत घेऊन गेले. एका कागदावर सही घेतली, नवं लुगडं घेतलं, अन् घरी आणून सोडलं. दोन वर्षांनी समजलं का धानाच्या बांधीतला माझा वाटा गेला. वकील म्हणते, सारं कायदेशीर आहे. मंग मले सांगा, न्याय झाला का?"

विहारात कोणी काही बोलले नाही. त्यांचे एक भाऊ तेथेच बसलेले होते.

प्रश्न एका बाईंचा असला तरी तो आपल्या साऱ्यांचा आहे. म्हणून आजचा पाठ त्याच प्रश्नावर घेत आहे. आपण नव्याने धम्मात आलेली माणसे आहोत. पोथी गेली, देव्हारा गेला आणि त्या जागी शील आले. पण रोजच्या व्यवहारात आपल्याला तीन गोष्टींशी सामना करावा लागतो. त्या म्हणजे कायदा, नीती आणि न्याय. बोलताना आपण या तिन्ही शब्दांची सरमिसळ करतो. कोर्टात निकाल लागला की 'न्याय मिळाला' म्हणतो, आणि कोर्टात हरलो की 'जगात न्याय उरला नाही' म्हणतो. दोन्ही वेळा आपण निकालालाच न्याय समजत असतो.

कायदा म्हणजे राज्याने घातलेला नियम. तो मोडला तर दंड होतो, तुरुंग होतो. कायद्याला पोलीस लागतो, साक्षीदार लागतो, कागद लागतो. नीतीला यांतले काहीच लागत नाही. कोणी पाहत नसताना माणूस जे करतो किंवा करायचे टाळतो ती त्याची नीती. आणि न्याय? माणसाला माणूस म्हणून जे मिळायला हवे ते मिळणे, आणि ते कोणाच्या मेहेरबानीने न मिळता त्याच्या हक्काने मिळणे, याला न्याय म्हणावे. बाबासाहेबांनी न्यायाचा विचार केला तेव्हा तो स्वातंत्र्य, समता आणि बंधुता यांच्यापासून वेगळा काढला नाही. ज्या निकालाने या तिघांपैकी एकाचाही गळा आवळला जातो तो निकाल कितीही नियमाला धरून असो, त्याला न्याय म्हणता येत नाही.

कायदा आणि न्याय यांची फारकत किती दूरवर जाऊ शकते हे आपल्याइतके कोणाला ठाऊक असणार? मनुस्मृती हाही एक कायदाच होता. त्यात गुन्हा होता, दंड होता, न्यायनिवाडा होता. फक्त दंड गुन्ह्याकडे पाहून ठरत नसे, गुन्हेगाराच्या आणि फिर्यादीच्या जातीकडे पाहून ठरे. असा कायदा जितका काटेकोर पाळला जाईल तितका अन्याय वाढत जातो. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला त्या ग्रंथाचे दहन झाले. तो कायद्याच्या नावाखाली चाललेल्या अन्यायाचा जाहीर धिक्कार होता.

पण त्याच महाडची दुसरी बाजू आपण विसरतो. मुंबईच्या कायदे कौन्सिलाने १९२३ साली ठराव करून सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले केले होते. महाडच्या नगरपालिकेनेही चवदार तळे खुले असल्याचा ठराव केला होता. कागदावर सारे ठीक होते आणि ओंजळीत पाण्याचा थेंब नव्हता. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी ते पाणी घेतले, आणि गावाने सभेला आलेल्या माणसांना मारहाण केली. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला. हजारो माणसे जमली. त्या वेळी कोर्टाचा तात्पुरता मनाईहुकूम आला आणि बाबासाहेबांनी जमलेल्या लोकांना तळ्यावर जाण्यापासून थांबवले. ज्यांनी मनूचा कायदा जाळला त्यांनीच कोर्टाचा हुकूम मानला! पुष्कळांना तेव्हा हे पटले नाही. पुढे दहा वर्षे दावा चालला आणि मार्च १९३७ मध्ये हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागला.

यातून काय घ्यायचे? जो कायदा बदलण्याची वाट मोकळी आहे आणि ज्यापुढे आपले म्हणणे मांडता येते, तो आज आपल्या विरुद्ध गेला तरी त्याच्याशी झगडण्याची रीत वेगळी. जो कायदा आपल्याला माणूसच मानत नाही, त्याच्याशी झगडण्याची रीत वेगळी. हा भेद ज्याला कळत नाही तो एक तर गुलाम होतो, नाही तर दंगेखोर होतो.

हाच भेद सिद्धार्थ गौतमाच्या चरित्रात आहे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी गृहत्यागाची जी हकीकत दिली आहे ती आपण मुलांना सांगतो तशी म्हातारा, आजारी आणि प्रेत पाहिल्याची नाही. ती पाण्याच्या भांडणाची आहे. शाक्य आणि कोलीय यांच्या शेतांना रोहिणी नदीचे पाणी लागे. आपल्याकडे रोवणीच्या दिवसांत वरच्या बांधीवाला आणि खालच्या बांधीवाला यांच्यात जे होते तेच तेथे झाले. हाणामारी झाली, आणि शाक्य संघाच्या सभेत सेनापतीने युद्धाचा ठराव आणला. सिद्धार्थ विरोधात उभा राहिला. दोन्ही बाजूंची माणसे घेऊन चौकशी करा, असे त्याचे म्हणणे होते. मत घेतले तेव्हा बहुमत युद्धाच्या बाजूने पडले.

आता विचार करा. ठराव नियमाप्रमाणे झाला होता. सभा खरी होती, मतेही खरी होती. म्हणजे ठराव कायदेशीर होता. पण तो न्याय्य होता काय? सिद्धार्थाला तो न्याय्य वाटला नाही आणि त्याने शस्त्र धरायचे नाकारले. संघाने धमकी दिली ती ओळखीची आहे. तुझ्या घरच्यांवर बहिष्कार टाकू, तुमच्या जमिनी काढून घेऊ! तेव्हा त्याने घरच्यांना या शिक्षेतून सोडवण्यासाठी स्वतः देश सोडला. त्याने संघाचे बहुमत बळाने मोडले नाही, आणि बहुमत झाले म्हणून चूक बरोबर झाली असेही मानले नाही. न पटणारी गोष्ट नाकारली आणि तिची किंमत आपल्या अंगावर घेतली.

(जाता जाता सांगून ठेवतो. बहिष्काराची धमकी आता गुन्हा आहे. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा २०१६ चा असून तो २०१७ पासून अमलात आहे. आपल्याच समाजाच्या पंचांनी आपल्याच माणसाला वाळीत टाकले तरी तो लागू होतो. हे पंचांनीही वाचून ठेवावे.)

आता आपण आपल्या जिल्ह्यात येऊ. भंडाऱ्याचे नाव बाबासाहेबांच्या चरित्रात एका पराभवासाठी येते, म्हणून आपण ते फारसे काढत नाही. मला वाटते, ते आपण अभिमानाने काढायला हवे.

आधी १९५२ ची गोष्ट. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत बाबासाहेब उत्तर मुंबईतून लोकसभेला उभे होते. तेव्हा काही मतदारसंघांतून दोन-दोन प्रतिनिधी निवडले जात. एक जागा राखीव, एक सर्वसाधारण. प्रत्येक मतदाराला दोन मते असत आणि दोन्ही मते एकाच उमेदवाराला देता येत नसत. या निवडणुकीत बाबासाहेब हरले. त्यांच्या पराभवाचे अंतर सुमारे पंधरा हजार मतांचे होते, आणि बाद झालेली मते ७४ हजारांहून अधिक होती. लोकांनी आपले दुसरे मत मुद्दाम वाया घालवावे असा प्रचार झाला, अशी तक्रार घेऊन बाबासाहेब आणि समाजवादी पक्षाचे अशोक मेहता यांनी मिळून निवडणूक-अर्ज केला. तो फेटाळला गेला. मत असे वाया घालवण्याला तेव्हा 'मत कुजवणे' म्हणत. धान कुजते तसे मत कुजवायचे!

दोन वर्षांनी, १९५४ साली, भंडारा मतदारसंघात पोटनिवडणूक लागली. भंडारा तेव्हा मध्य प्रदेश राज्यात होता, आणि आजचा गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातच होता. हाही दोन जागांचा मतदारसंघ. राखीव जागेवर शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनतर्फे बाबासाहेब, सर्वसाधारण जागेवर प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता. बाबासाहेबांची प्रकृती बरी नव्हती. तरी उन्हाळ्यात ते येथे आले आणि त्यांनी सभा घेतल्या.

त्या वेळचे कार्यकर्ते जी गोष्ट सांगून गेले ती अशी. आपल्या कार्यकर्त्यांना गावागावांतून फिरताना दिसत होते, की आपली माणसे दुसरे मत अशोक मेहतांना देतील, पण तिकडची मते तितक्या प्रमाणात बाबासाहेबांना पडतीलच असे नाही. तेव्हा हिशेब मांडला गेला. आपल्या लोकांनी एक मत बाबासाहेबांना द्यावे आणि दुसरे कोणालाच देऊ नये. मग सर्वसाधारण जागेच्या उमेदवारांची मते खाली येतात. राखीव जागा हातची गेली तरी अधिक मतांच्या जोरावर बाबासाहेब सर्वसाधारण जागेवर निवडून येतात. कारण अनुसूचित जातीच्या उमेदवाराला ती वाट कायद्याने बंद नव्हती. पुढे असा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला तेव्हा त्यानेही ती वाट मान्य केली.

हे सारे कायदेशीर होते. दोन्ही मते दिलीच पाहिजेत अशी कोणावर सक्ती नव्हती. हिशेबातही चूक नव्हती. ज्या हत्याराने मुंबईत आपल्यावर घाव घातला तेच हत्यार आता आपल्या हाती येत होते.

बाबासाहेबांनी ते हाती घेतले नाही. ज्याने राज्यघटना घडवली त्यानेच लोकांना मताचा नाश करायला सांगायचे, हे त्यांना पटेना. पडलो तरी चालेल, पण मत कुजवायचे नाही, असा त्यांचा कल होता. आणि ते पडले. सुमारे आठ हजार मतांनी काँग्रेसचे भाऊराव बोरकर राखीव जागेवर निवडून आले. अशोक मेहताही निवडून आले, आणि त्यांच्या विजयात आपल्या लोकांच्या दुसऱ्या मताचा वाटा होता.

या गोष्टीवर एक तरुण मला म्हणाला होता, "हा तर भोळेपणा झाला. राजकारणात असे चालत नाही." मी त्याला विचारले, मुंबईत आपली तक्रार काय होती? मत कुजवणे वाईट, ही होती, की मत आपल्या विरुद्ध कुजवले ही होती? पहिली असेल तर भंडाऱ्यात तेच करता येत नाही. दुसरी असेल तर ती अन्यायाविरुद्धची तक्रार राहत नाही, ती फक्त हरलेल्याची कुरकुर होते. तो तरुण काही वेळ गप्प बसला. त्याला पूर्ण पटले असे मी म्हणणार नाही.

दोन जागांचे मतदारसंघ १९६१ साली कायद्याने बंद झाले. पण भंडाऱ्याने शिकवलेली गोष्ट कायद्याबरोबर संपत नाही. कायदा परवानगी देतो ती प्रत्येक गोष्ट करायला शील परवानगी देतेच असे नाही.

याच्या उलट प्रसंगही आपल्या वाट्याला आला. तेथे खरे बोलायला शीलाने सांगितले आणि कायद्याने त्याची किंमत वसूल केली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखोंनी धम्मदीक्षा घेतली आणि बावीस प्रतिज्ञा केल्या. खोटे बोलणार नाही, ही त्यांतली एक. पण अनुसूचित जातींबद्दलच्या राष्ट्रपतींच्या १९५० च्या आदेशाप्रमाणे हिंदू धर्म सोडणाऱ्याला अनुसूचित जातीचा मानत नसत. त्या १९५६ सालीच शिखांना त्यात घेतले होते, बौद्धांना घेतले नव्हते. म्हणजे दीक्षा घेऊन परत आलेल्या माणसाने मुलाच्या शाळेत 'बौद्ध' असे खरे लिहिले की सवलत जाई, आणि 'हिंदू' असे खोटे लिहिले की ती मिळे. गावात मात्र त्याला पूर्वीसारखेच वागवत. १९६० साली महाराष्ट्र राज्य झाल्यावर राज्याने आपल्या अधिकारातल्या सवलती बौद्धांना दिल्या. केंद्राच्या सवलतींसाठी मात्र १९९० उजाडावे लागले. त्या साली संसदेने कायदा दुरुस्त करून बौद्धांचा समावेश केला. चौतीस वर्षे गेली!

या चौतीस वर्षांत ज्या बापांनी मुलाच्या शिक्षणासाठी कागदावर 'हिंदू' लिहिले, त्यांना नावे ठेवायला मी तयार नाही. माणसाला खरे बोलण्याबद्दल दंड करणारा कायदा आधी दोषी आहे, दडपलेला माणूस नंतर. पण आज तो दंड उरलेला नाही, हे नव्या कुटुंबांनी नीट समजून घ्यावे. अजूनही मला विचारतात, "बौद्ध लिहिले तर पोराची स्कॉलरशिप जाईल काय?" अनुसूचित जातीतून धम्मात आलेल्याची ती जात नाही. जातीच्या दाखल्यासाठी पूर्वाश्रमीची जात सांगावी लागते, ती खरी सांगावी. धर्म बौद्ध आहे, तोही खरा सांगावा. शाळेत नाव घालताना घाई करू नये. एकदा रजिस्टरात चुकीचे पडले की ते दुरुस्त करताना चपला झिजतात.

येथपर्यंत वाचलेत. आता जे सांगायचे आहे ते सांगताना हात जड होतो. पण भंडारा जिल्ह्यात बसून न्यायावर लिहायचे आणि खैरलांजी टाळायची, हे बरे नव्हे.

मोहाडी तालुक्यातल्या खैरलांजी गावात भय्यालाल भोतमांगे यांचे बौद्ध कुटुंब राहत होते. त्या गावात आपली घरे अगदी मोजकी. सप्टेंबर २००६ च्या सुरुवातीला त्यांच्या संबंधातल्या, जवळच्या धुसाळा गावच्या एका माणसाला मारहाण झाली. सुरेखाबाई आणि त्यांची मुलगी यांनी मारणारे कोण हे पोलिसांना सांगितले. त्या माय-लेकींनी केले ते इतकेच. जे पाहिले ते सांगितले. संशयितांना अटक झाली. २९ सप्टेंबरला ते जामिनावर सुटले आणि त्याच संध्याकाळी जमावाने भोतमांगे यांच्या घरावर हल्ला केला. सुरेखाबाई, त्यांची मुलगी आणि दोन्ही मुलगे, चौघांनाही ठार मारले. भय्यालाल तेवढे वाचले. तपशील येथे देत नाही. हा पाठ लहान मुले बसलेल्या घरातही वाचला जातो.

खटला भंडाऱ्याच्या न्यायालयात चालला. सप्टेंबर २००८ मध्ये आठ जण दोषी ठरले, तिघे सुटले. आठांपैकी सहांना फाशी आणि दोघांना जन्मठेप झाली. जुलै २०१० मध्ये हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने फाशी रद्द करून पंचवीस वर्षांची शिक्षा दिली. दोन्ही न्यायालयांनी खून झाल्याचे मानले, पण ॲट्रॉसिटीचा कायदा लागू केला नाही. हे जातीमुळे घडले असे सिद्ध होत नाही, हा साक्ष दिल्याच्या रागातून घेतलेला सूड आहे, असे न्यायालयांचे म्हणणे पडले. भय्यालाल सर्वोच्च न्यायालयाकडे डोळे लावून बसले होते. २० जानेवारी २०१७ रोजी नागपुरात त्यांचे निधन झाले. तोवर तेथला निकाल आलेला नव्हता.

आता आपल्या पाठाच्या तीन शब्दांनी याकडे पाहा.

कायदा होता. १९८९ पासून ॲट्रॉसिटीचा कायदा होता, पोलीस ठाणे होते, कोर्ट होते. सुरेखाबाईंनी त्या कायद्याला जे हवे असते तेच दिले, साक्ष दिली. आणि गाव? एका घरावर जमाव चालून जातो तेव्हा बाकीची घरे झोपलेली नसतात. ज्यांनी मारले ते एका बाजूला ठेवा. ज्यांनी पाहिले आणि दार लावून घेतले, त्यांना कोणत्या कलमाखाली धरायचे? १९४३ साली रानड्यांवरच्या व्याख्यानात बाबासाहेबांनी सांगितले होते की हक्कांचे खरे रक्षण कायदा करत नाही, समाजाची सामाजिक आणि नैतिक सदसद्विवेकबुद्धी करते. समाजच एखाद्याचे हक्क नाकारू लागला तर कायदा, कोर्ट, संसद कोणीच पुरे पडत नाही. हे सांगणारा माणूस स्वतः बॅरिस्टर होता आणि पुढे त्यानेच घटना घडवली. खैरलांजीत त्या संध्याकाळी कायदा नव्हता असे नाही. शेजारी नव्हता.

पण म्हणून कायदा सोडून द्यायचा काय? येथे काही बौद्ध बांधवांची समजूत चुकते. ते म्हणतात, वैराने वैर शमत नाही अशी तथागतांची शिकवण आहे, तर मग केस कशाला करायची, मैत्री ठेवावी. बाबांनो, वैर आणि न्याय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वैर घेणाऱ्याला समोरच्याचे वाईट व्हायला हवे असते. न्याय मागणाऱ्याला आपला हक्क परत हवा असतो, आणि उद्या दुसऱ्या कोणावर ही पाळी येऊ नये असे वाटत असते. फिर्याद न करणे ही मैत्री नव्हे. पुष्कळदा ती निव्वळ भीती असते आणि आपण तिला मैत्रीचे चीवर पांघरतो. भय्यालाल फाशीच मागत होते, हे बौद्धाला शोभते काय, असेही मला कोणी विचारले आहे. ज्याचे सारे घर एका संध्याकाळी गेले त्याला उपदेश करण्याइतका मी मोठा नाही. मी एवढेच पाहतो, की त्या माणसाने दहा वर्षे कोर्टाचाच रस्ता धरला.

आणि कायदा बदलतो, तो बदलून घेता येतो. ॲट्रॉसिटी कायद्याची सुधारणा २६ जानेवारी २०१६ पासून अमलात आली. मोठ्या गुन्ह्यांसाठीच्या कलमात पूर्वी असे होते, की समोरचा माणूस अनुसूचित जाती-जमातीचा आहे या कारणावरून गुन्हा केला हे सिद्ध करावे लागे. मनातले कारण कोण सिद्ध करणार? सुधारणेनंतर, तो त्या जाती-जमातीचा आहे हे माहीत असताना गुन्हा केला एवढे पुरते. गावात कोण कोणत्या जातीचा हे कोणाला माहीत नसते? दोन शब्द बदलले आणि केवढे अंतर पडले पाहा. दुसरी गोष्ट, याच सुधारणेने पीडित आणि साक्षीदार यांच्या हक्कांचे एक नवे प्रकरण कायद्यात घातले. या कायद्याखालच्या खटल्यात आरोपीच्या जामिनाचे काम निघाले तर पीडिताला त्याची वेळेवर नोटीस मिळण्याचा हक्क आहे, आणि साक्षीदाराला संरक्षण मागण्याचा हक्क आहे. जामिनावर सुटलेली माणसे त्याच संध्याकाळी दारात आली, हे आठवा, म्हणजे या हक्काचे मोल कळेल. हे कलम १५-अ आहे. फिर्याद दिल्यावर तिची नक्कल फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय ठाण्यातून उठू नये. वाचता येत नसेल तर विहारातल्या शिकलेल्या पोराला सोबत न्यावे.

साक्ष देणाऱ्याच्या पाठीशी त्या दिवशी कोणी उभे नव्हते. आपल्या गावात उद्या कोणी साक्ष द्यायला निघाला, मग तो आपल्या जातीचा असो की दुसऱ्या, तर तारखेच्या दिवशी त्याच्याबरोबर एसटीत बसायला दोन माणसे तरी निघतील काय, याची चर्चा पुढच्या पौर्णिमेला विहारात करावी. ॲट्रॉसिटीची केस आपल्या माणसावर खोटी घातली गेली, असा ओरडा नेहमी होतो. त्याची तपासणी कोर्ट करील. पण आपल्याकडून एकही फिर्याद खोटी जाऊ नये, हे पाहणे कोर्टाचे काम नव्हे, आपले आहे. खोटी फिर्याद म्हणजे पुढच्या दहा खऱ्या फिर्यादींच्या तोंडात माती.

आता त्या बाईंचा प्रश्न. त्याचे उत्तर मी त्या दिवशी अर्धेच दिले होते.

वारसाहक्काचा १९५६ चा कायदा बौद्धांनाही लागू आहे. २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित जमिनीतही मुलीचा वाटा मुलाइतकाच झाला. म्हणजे कायद्याने त्यांना वाटा दिला होता. मग त्यांनी हक्कसोडपत्रावर सही केली आणि कायद्यानेच तो काढूनही घेतला. समजून-उमजून, राजीखुशीने बहिणीने हक्क सोडला तर त्यात अन्याय नाही. पण कागदात काय आहे हे न सांगता सही घेतली असेल, तर ते दस्तऐवजावर कितीही कायदेशीर दिसो, त्यात दुसरे शील मोडते आणि चौथेही मोडते. अशी सही फसवून घेतली गेली हे दाखवता आले तर तो दस्त रद्द करण्यासाठी दिवाणी कोर्टात दावा करता येतो. मात्र त्याला मुदत असते. फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांच्या आत तो करावा लागतो. कळून सवरून गप्प बसलेल्याला कोर्ट मदत करू शकत नाही. हे मी त्यांना सांगितले, आणि जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे बायांना वकील फुकट मिळतो, हेही सांगितले.

त्यांच्या भावाला मी काहीच बोललो नाही. भर विहारात बोलणे बरे दिसले नसते. मंडळी गेल्यावर तो मागे थांबला. सतरंजी झटकायला हात लावला. मग म्हणाला, "गुरुजी, तो कागद मी तिले वाचून दाखवला नव्हता." मी म्हटले, अजून वाचून दाखवता येईल. एक एकर बांधी आहे, तिला काय हवे ते तिच्याच तोंडून ऐका. तो हो किंवा नाही काहीच म्हणाला नाही. सतरंजीची घडी घालून कपाटावर ठेवली आणि गेला. पुढच्या रविवारी दोघेही वंदनेला आले होते, पण वेगवेगळ्या रांगेत बसले होते.